लहान्याची फी आणि मोठीची अकरावी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र चोपडा तालुक्यातल्या एका गावातून आलं आहे. लिहिणारे बारावी शिकलेले शेतकरी, केळी आणि थोडा कापूस करणारे. घरात आई-वडील, पत्नी, दहावीला असलेली मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. वडील, म्हणजे आबा, ७२ वर्षांचे. शाळेत ते कधी गेलेच नाहीत. बरीच वर्षं त्यांना शुगर आहे आणि गोळ्या ते पाकिटाच्या रंगावरून ओळखत. गेल्या पावसाळ्यात मेडिकलवर नेहमीच्या कंपनीची गोळी नव्हती, म्हणून दुसऱ्या कंपनीची मिळाली. औषध तेच, पाकीट वेगळं. जुन्या पाकिटातल्या काही गोळ्या घरात शिल्लक होत्या. आबांना वाटलं, ही नवी गोळी जास्तीची दिली आहे. त्यांनी दोन्ही घेतल्या. पहाटे अंग घामाने निथळत होतं, बोलणं तुटक झालं होतं. दवाखान्यात डॉक्टर वैतागून म्हणाले, "पाकिटावर नाव लिहिलंय, वाचता येत नाही का?" आबा अहिराणीत एवढंच म्हणाले, "मी काय शिकेल शे का?" म्हणजे, मी काय शिकलेला आहे का?

ते वाक्य यांच्या मनातून जात नाही. पुढे मोबाइलवर त्यांच्या वाचनात आलं की लहानपणी मिळालेलं शिक्षण म्हातारपणाची तब्येत ठरवतं. तेव्हापासून मुलाला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालायचं त्यांच्या मनात पक्कं आहे. फी वर्षाला ५५ हजार, व्हॅनचे पैसे वेगळे. त्यासाठी उसनवारी करावी लागणार. पत्नीचं म्हणणं, अंगणवाडी आहे, पुढे गावातच झेडपीची शाळा आहे, कर्ज कशाला? आबा हल्ली विसरतात, तेही न शिकल्यामुळेच का, असंही त्यांनी विचारलं आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "मोठीचं दहावीनंतर बघू, कॉलेज लांब आहे आणि स्थळंही विचारायला लागले आहेत. आबांच्या गोळ्या आता तीच बघते."

भाऊ,

आबांना त्या दिवशी जे ऐकावं लागलं, ते ऐकावं लागायला नको होतं. आयुष्यभर केळीच्या व्यापाऱ्यांशी तोंडी हिशेब करणाऱ्या, विक्रीच्या पट्टीतली चूक कागद न वाचता धरणाऱ्या माणसाला कुणी अडाणी समजू नये. चूक आबांची नव्हती. औषध एकच आणि पाकिटं दोन, हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नव्हतं. तुमच्या-माझ्यासारखी शिकलेली माणसंही इथे फसतात, कारण पाकिटावर कंपनीचं नाव ठळक असतं आणि आतल्या औषधाचं बारीक अक्षरात. म्हणून पुढचं सगळं लिहिण्याआधी एक मागते. आबांकडे "न शिकल्याने काय होतं" याचं उदाहरण म्हणून पाहू नका. त्यांना ते कळत असणार.

तुम्ही वाचलंत ते मात्र खरं आहे. शिक्षण आणि आयुर्मान यांचा संबंध जगभर दिसतो. २०२४ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ५९ देशांतली माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा शाळेच्या दर वाढीव वर्षामागे मोठेपणी मृत्यूची जोखीम साधारण दोन टक्क्यांनी कमी झालेली आढळली. अजिबात न शिकलेल्यांच्या तुलनेत सहा वर्षं शिकलेल्यांची जोखीम सुमारे १३ टक्के कमी, बारा वर्षं शिकलेल्यांची २५ टक्के आणि अठरा वर्षं शिकलेल्यांची ३४ टक्के. पन्नाशीनंतर हा फरक कमी होत जातो, पण पुसला जात नाही.

हे कशामुळे होतं? औषधाचं पाकीट वाचता येणं हा त्यातला छोटा भाग. शिकलेल्या माणसाला बहुधा कमी धोक्याचं काम मिळतं. भर उन्हात पाठीवर पंप घेऊन फवारणी करण्याची वेळ त्याच्यावर कमी येते. हातात पैसा थोडा नियमित येतो, म्हणून दुखणं अंगावर काढलं जात नाही. तंबाखू, मिश्री लागण्याचं प्रमाण शिकलेल्यांत कमी दिसतं. डॉक्टरांसमोर बसून "ही गोळी कशासाठी?" असं विचारण्याची भीड चेपलेली असते. मुलींचं लग्न आणि पहिलं बाळंतपण पुढे जातं. आणि मेंदूला लहानपणापासून वापराची सवय लागली, तर म्हातारपणाची झीज तो जास्त काळ सोसतो, असं या विषयातले डॉक्टर सांगतात.

याला दुसरी बाजूही आहे. घरची परिस्थिती बरी असलेली, खाऊन-पिऊन धडधाकट मुलंच शाळेत जास्त वर्षं टिकतात. मग पुढची चांगली तब्येत शाळेमुळे की मुळातल्या घरामुळे? इंग्लंडमध्ये १९४७ साली शाळा सोडण्याचं किमान वय १४ वरून १५ केलं. लाखो मुलं एक वर्ष जास्त शिकली. पुढे त्यांच्या मृत्यूचं प्रमाण तपासलं तर फारसा फरक सापडला नाही. अमेरिकेतल्या जुन्या सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यांवरून मात्र चांगला फरक पडल्याचा निष्कर्ष निघाला. म्हणजे नुसतं वर्गात बसलेलं वर्ष आपोआप आयुष्य वाढवत नाही. त्या वर्षात काय मिळालं, त्या वर्षामुळे पुढे कोणती वाट उघडली, यावर ते अवलंबून असतं.

आता तुमच्या मुलाकडे येते. तुम्ही वाचलेल्या मजकुरात बहुधा अमेरिकेतल्या एका प्रयोगाचा आधार असणार, कारण "लहानपणचं शिक्षण आणि तब्येत" म्हटलं की तोच पुढे येतो. १९७२ साली उत्तर कॅरोलायनात गरीब घरांतल्या १११ बाळांना घेऊन तो सुरू झाला. निम्म्यांना तान्हेपणापासून पाच वर्षांची होईपर्यंत दिवसभराचं पाळणाघर मिळालं. तिथे त्यांच्याशी सतत बोलणं, खेळणं, गोष्टी सांगणं चालायचं, पोटभर जेवण आणि डॉक्टरांची तपासणीही असायची. ती मुलं पस्तिशीच्या आसपास आली तेव्हा तपासलं, तर विशेषतः मुलग्यांमध्ये रक्तदाब कमी होता. तुलनेच्या गटातल्या दर चार पुरुषांपैकी एकामध्ये मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेणारी लक्षणं एकत्र दिसत होती. पाळणाघरातल्या गटात तसा एकही नव्हता.

भारावून जावं असंच हे आहे. पण भाऊ, त्या प्रयोगात महागडी शाळा आणि साधी शाळा यांची तुलना नव्हती. ज्यांना तसं पाळणाघर मिळालं नाही आणि ज्यांना तिथे माया, बोलणं, जेवण, तपासणी मिळाली, त्यांची ती तुलना होती. त्या मुलांना जे दिलं गेलं, त्यातलं बरंच तुमच्या मुलाला आज मिळतंय. आजी आहे, आबा आहेत, आई दिवसभर जवळ आहे, ताई आहे. ५५ हजारांच्या फीबद्दल तो प्रयोग काहीही सांगत नाही. चार वर्षांच्या मुलाला सकाळी झोपेतून उठवून, अर्धवट खाऊन, भरलेल्या व्हॅनमध्ये बसवून अनोळखी भाषेत "ए फॉर ॲपल" घोकायला पाठवलं, तर त्या प्रयोगातलं मुख्य सत्त्वच आपण काढून घेतो. त्या वयाचं मूल विचार बोलीत करतं. तो अहिराणीत शंभर प्रश्न विचारत असेल, तर त्याच भाषेत त्याची उत्तरं द्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं असंच म्हटलं आहे. इंग्रजी पुढे येते. जिथे आपल्याला काय म्हणायचंय ते कुणालाच कळत नाही, तिथे मूल गप्प बसायला शिकतं, आणि ती सवय मोडायला फार वेळ लागतो.

याचा अर्थ अंगणवाडी आहे तशी चालेल असा घेऊ नका. जाऊन बघा. एक सकाळ तिथे बसा. अंगणवाडीच्या ताई मुलांशी बोलतात का, की नुसतं खिचडी वाटून सुटी होते? वजन-उंचीची नोंद वेळेवर होते का? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला यायला हवं. ते येतं तेव्हा मुलाला हजर ठेवा आणि डोळे-कान नीट बघायला सांगा. ऐकू कमी येणारं मूल वर्गात "ढ" ठरतं, असं फार वेळा होतं. झेडपीच्या शाळेतही असंच बसा. तिसरीच्या मुलाला मराठीतलं पान वाचता येतंय का, ते स्वतः ऐका. येत नसेल तर तुमची काळजी रास्त आहे, पण मग शाळा व्यवस्थापन समितीत जा, शिक्षकांशी बोला, आणि तरीही जमलं नाही तर पहिलीपासून दुसऱ्या शाळेचा विचार करा. सहा वर्षांचा होईपर्यंत तुमच्या हातात वेळ आहे. आज कर्ज काढण्याइतकी घाई त्यात नाही.

कर्जाचं म्हणाल तर, मे-जूनमधलं एक वादळ उभी बाग आडवी करतं, हे मी तुम्हाला काय सांगावं. त्या वर्षी फी थकली की मुलाला मध्येच काढावं लागतं, आणि घरात रोजची धुसफूस सुरू होते. व्याजाचा ताण हाही तब्येतीचाच विषय आहे, तुमच्याही आणि घरातल्या प्रत्येकाच्या.

आबांबद्दल. त्यांच्या विसरण्याला लगेच "न शिकल्यामुळे" असं लेबल लावू नका. कमी शिक्षण हे स्मृतिभ्रंशाच्या जोखमींपैकी एक मानलं जातं, हे खरं. पण २०२४ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीने अशा चौदा जोखमी मोजल्या. त्यांत मधुमेह आहे, रक्तदाब आहे, न तपासलेला बहिरेपणा आहे, दृष्टी कमी होणं आहे, एकटेपणही आहे. यातल्या कितीतरी गोष्टींवर आज, ७२ व्या वर्षीही, काही करता येतं. मोतीबिंदू आहे का ते बघून घ्या. कान तपासा. साखर वारंवार खाली जात असेल तर तेवढ्यानेही माणूस गोंधळतो. शुगरसाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर शरीरातलं बी-१२ कमी होऊ शकतं, आणि त्यानेही विसरायला होतं. डॉक्टरांना हे मुद्दाम विचारा, रक्ताच्या तपासणीत कळतं.

आणखी एक सांगते, आबांनाही वाचून दाखवा. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास झाला, २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. ज्यांना दोन भाषा येत होत्या, त्यांच्यात आजाराची लक्षणं एकच भाषा येणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली. शाळेत कधीही न गेलेल्या रुग्णांतही हा फरक दिसला. घरात अहिराणी, बाजारात मराठी, बाहेरच्या व्यापाऱ्यांशी हिंदी, असं आयुष्य काढलेल्या आबांच्या मेंदूने काहीच कमावलं नाही असं म्हणता येत नाही. शाळा हा मेंदूला कामाला लावण्याचा एक मार्ग आहे, एकमेव नव्हे. त्यांना शिकायची इच्छा असेल तर उल्हास नवभारत साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षांवरील सगळ्यांसाठी आहे, झेडपीच्या शाळेत चौकशी करा. नसेल तर आग्रह धरू नका.

गोळ्यांची व्यवस्था मात्र आजच लावा, आणि ज्यांच्या घरी असं कुणी म्हातारं माणूस आहे त्यांनीही. सकाळच्या गोळ्यांच्या डबीवर उगवता सूर्य काढा, रात्रीच्या डबीवर चंद्र. नवं पाकीट आलं की जुनं संपल्याशिवाय उघडायचं नाही. मेडिकलवाल्याने कंपनी बदलली तर "हे कशाच्या बदली?" असं विचारून जुन्या रिकाम्या पाकिटाशेजारी धरून नाव जुळवायचं. दवाखान्यातून निघण्यापूर्वी कोणती गोळी कधी घ्यायची ते आबांनी स्वतःच्या तोंडाने डॉक्टरांना सांगायचं, म्हणजे चूक तिथेच सापडते. घाम, थरथर, बरळणं दिसलं आणि माणूस शुद्धीवर असला तर साखरपाणी लगेच. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना.

आता तुमच्या पत्रातली शेवटची ओळ. मुलाच्या शाळेबद्दल तुम्ही पानंच्या पानं लिहिलीत आणि मुलीबद्दल एवढंच. मला मात्र तिथेच थांबावंसं वाटलं. आबांच्या गोळ्या आता कोण बघतं? जिला दहावीपर्यंत शिकवलंत ती. पाकिटावरचं बारीक नाव कुणी वाचलं, कुठली गोळी कधी, हे कुणाच्या लक्षात राहतं? शिक्षणाने तब्येत कशी सुधारते याचा पुरावा तुम्ही मोबाइलवर शोधत होतात, तो तुमच्या घरात रोज सकाळी डबी उघडतो. आणि एकीच्या शिक्षणाने सगळ्या घराची तब्येत सांभाळली जाते, हे त्या मघाच्या टक्केवारीत कुठेच मोजलेलं नाही.

आता तीच टक्केवारी तुमच्या दोन मुलांना लावून बघा. मुलगा अंगणवाडीत जावो की इंग्रजी शाळेत, तो बारावीपर्यंत शिकणारच, तुम्ही त्याला शिकवणारच. त्याच्या बाबतीत प्रश्न फक्त कुठे शिकणार एवढाच आहे. मुलीच्या बाबतीत अकरावी, बारावी आणि पुढची तीन-चार वर्षं मिळणार की नाही, हाच प्रश्न आहे. शिक्षणाची वर्षं खरोखर पणाला लागली आहेत ती तिची.

आणि ती तिच्यापुरतीही नाहीत. १९७० ते २००९ या काळात जगभर पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू घटले. १७५ देशांची आकडेवारी तपासून संशोधकांनी हिशेब मांडला, तर त्यातली जवळपास निम्मी घट बायकांचं शिक्षण वाढल्यामुळे झाल्याचं दिसलं. दवाखाने, लसी, पाणी हे सगळं होतंच, पण बाळाला ताप आला तेव्हा कधी निघायचं, कुठे जायचं, घरातल्या मोठ्यांपुढे कसं बोलायचं, हे शिकलेल्या आईला जमलं. तुमच्या नातवंडांची तब्येत तुम्हाला घडवायची असेल, तर ती तुमच्या मुलीच्या अकरावीच्या अर्जापासून सुरू होते.

पहिली वर्षं महत्त्वाची, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण केळी निसवायला लागली, घड बाहेर पडू लागला, की आपण ठिबक बंद करत नाही.

स्थळांचं तर सरळ सांगते. दहावीतली मुलगी पंधरा-सोळा वर्षांची. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे, २००६ च्या कायद्याने, आणि त्या वयातलं बाळंतपण आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचं असतं. "नुसतं बघून ठेवू, साखरपुडा करून ठेवू" असंही नको. एकदा शब्द दिला की पुढच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तारखेचा विषय निघतोच. विचारायला येणाऱ्यांना तुम्हीच सांगा की मुलगी शिकतेय. बापाने सांगितलं की लोक पुन्हा विचारत नाहीत. आईने सांगितलं तर पुन्हा पुन्हा विचारतात.

कॉलेज लांब आहे, ही अडचण खरी आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण मुलाला रोज तालुक्याला पाठवायची तुमची तयारी होती, तेवढंच अंतर मुलीच्या वाट्याला येतं. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो. बसच्या वेळा आणि कॉलेजच्या वेळा जुळत नसतील तर गावातल्या आणखी चार मुलींचे पालक गोळा करा आणि आगारप्रमुखांना एकत्र अर्ज द्या. एकट्या मुलीच्या बापाने मागितलं तर मिळत नाही, गावाने मागितलं तर विचार होतो. रस्ता, अंधार, छेडछाड याची भीती असेल तर त्यावरही उपाय तिला घरी बसवण्याचा नाही. बरोबर जाणाऱ्या मुली वाढवणं हा आहे. रोजचं येणं-जाणं अजिबात शक्य नसेल तर वसतिगृहाची चौकशी निकालाआधी करा, नंतर जागा राहत नाहीत.

पैशांचंही बघा. कनिष्ठ महाविद्यालयाचा वर्षाचा खर्च, पुस्तकं धरून, तुमच्या मनातल्या ५५ हजारांशी एकदा कागदावर ताडून पाहा. पुढे तिने अभियांत्रिकी, फार्मसी, कृषी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तर घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून राज्य सरकार पूर्ण भरतं. प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून असावा लागतो आणि दाखले वेळेवर लागतात. उत्पन्नाचा, जातीचा, नॉन-क्रिमिलेअरचा, जो तुम्हाला लागू असेल तो दाखला आत्ताच काढायला टाका. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग लागते.

उसनवारी न करता वर्षाला जेवढी रक्कम बाजूला काढणं झेपेल, तेवढी या दोन वर्षांत मुलीवर खर्च करा. मुलगा सहा वर्षांचा झाला की त्याच्या शाळेचा विचार नव्याने करा, तुमच्या पत्नीला बरोबर घेऊन. त्यांचं म्हणणं तुम्ही पत्रात एका वाक्यात संपवलं आहे, पण मला ते नीट विचार केलेलं वाटलं.

तुमच्या मुलीला काय शिकायचं आहे, हे पत्रात कुठेच नाही. कदाचित तिला कुणी विचारलंच नसेल. अकरावीचा प्रवेश आता सगळ्या राज्यात ऑनलाइन होतो, अर्जात कॉलेजचा आणि शाखेचा पसंतीक्रम भरावा लागतो. परीक्षा संपली की तिच्याजवळ बसा आणि तिलाच विचारा, सायन्स की कॉमर्स की आर्ट्स, आणि का. दोन दिवस तिला विचार करू द्या. मग अर्ज तिलाच भरू द्या.